पालथं ताट

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी काकूंचं नाव घेतो. माझे आईवडील त्यावर रागावत नाहीत; तेही तेच सांगतात. काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. बालाघाटला त्या नर्स होत्या, आणि रिटायर झाल्यापासून रेल्वे फाटकाजवळच्या घरात काकाजींबरोबर राहतात. त्या घराच्या मागच्या खोलीत मी चार वर्षं काढली, तीन कॉलेजची आणि एक नोकरीच्या परीक्षांचं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी गेलो आणि आता नागपूरला एका ऑफिसात खुर्चीवर बसतो, त्यात काकूंचा हात किती आहे हे सांगायला लागलो तर संध्याकाळ होईल. दुसऱ्या वर्षी मला कावीळ झाली तेव्हा तीन आठवडे त्यांनी मला चमच्यानं पेज भरवली. आमच्या गावाकडे चमचा फक्त फार आजारी माणसाच्या तोंडात जातो, म्हणून मला वाटलं होतं की आता मी काही वाचत नाही. मराठी लिहायलाही त्यांनीच शिकवलं. आमचा जिल्हा हिंदी राज्यातला, म्हणून माझी सगळी शाळा हिंदीत झाली. घरी बोलतो ती भाषा लिहितासुद्धा येते, हे मला ठाऊक नव्हतं. काकूंचं माहेर भंडाऱ्याचं. त्या मला मराठी पेपर मोठ्यानं वाचायला लावायच्या आणि मी लिहिलेल्या पानावर लाल रिफिलनं खुणा करायच्या.

ज्यांनी इतकं केलं त्यांना मी एका ताटावरून दुखवलं, असं मला वाटतं. खात्री नाही. म्हणून जे झालं ते पहिल्यापासून लिहून पाहतो आहे. लिहिताना कदाचित कळेल.

आमचं गाव बालाघाट जिल्ह्यातल्याच खैरलांजीकडे आहे. आमच्या घरी जेवण संपलं हे ताटावरून कळतं. शेवटचा घास खाल्ला की ताटात थोडं पाणी ओतायचं, कडेला चिकटलेली शितं बोटांनी सोडवायची आणि ते पाणी ताट उचलून पिऊन टाकायचं. याला आम्ही 'ताट पिणं' म्हणतो. बाबूजी, म्हणजे माझे वडील, शेतातून आलेल्या माणसाला 'जेवला काय' असं विचारत नाहीत, 'ताट पेलं काय' असं विचारतात. सगळा धानाचा मुलूख आहे. ताटात शीत टाकून उठणाऱ्या माणसाला आमच्याकडे आंधळा म्हणतात.

मी बालाघाटला निघालो त्या दिवशी मायनं मला एकच गोष्ट शिकवून पाठवली. दुसऱ्याच्या घरी जेवलो की ताट पिऊन झाल्यावर आपलं ताट आपणच धुवायचं आणि भिंतीला टेकवून पालथं घालायचं. आपलं उष्टं कोणाच्या हाती देऊ नये, वयानं मोठ्या बाईच्या तर नाहीच. तसं केलं म्हणजे हे पोट्टं कोण्या जंगलातून आलं असं कोणी म्हणणार नाही, असं तिचं म्हणणं होतं. फिजिक्सचं सूत्र पाठ करावं तसं मी ते पाठ केलं. का, ते विचारलं नाही.

पहिल्या दिवशी काकूंनी भात, लाखोळीची डाळ आणि बरबटीची भाजी वाढली. मी ताट प्यालो. काकाजी जंगल खात्यात बाबू होते आणि त्यांना कशाचंही हसू येतं. ते हसले. काकू म्हणाल्या की हे बरं आहे, अर्धं ताट इथंच धुतलं गेलं. मला हायसं वाटलं. मग मी ताट उचलून मागच्या नळावर नेलं, राखेनं घासलं, भिंतीला टेकवून पालथं घातलं आणि वळलो. काकू दारात उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा बदलला होता. त्या नळाजवळ आल्या, ताट सुलटं केलं, पुन्हा धुतलं आणि आत नेऊन आपल्या भांड्यांत ठेवलं.

मला वाटलं, ताट नीट निघालं नाही. दुसऱ्या दिवशी मी साबण लावला. त्यांनी ते पुन्हा सुलटं केलं. तिसऱ्या दिवशी मी इतकं घासलं की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. काकूंनी ते माझ्या हातातूनच काढून घेतलं.

"या घरात कोणी आपलं ताट धूत नाही," त्या म्हणाल्या. "जेवाचं, उठाचं, हात धुवाचा."

मी सांगितलं की माझ्या मायनं बजावलं आहे, पाहुण्यानं आपलं ताट आपण धुवावं.

"तुया घरी पाहुणे धुतात?"

मी आठवून पाहिलं. मामा येतात तेव्हा त्यांचं ताट माय उचलते. सरपंच एकदा जेवले होते, त्यांचंही तिनंच उचललं. बाबूजींनी तर जन्मात कधी ताट उचललं नाही. मग आमच्या घरी आपलं ताट आपण धुतं कोण? जे आठवलं ते मी सांगून टाकलं.

"पाहुणे नाही, काकू. रोवणीच्या बाया धुतात."

रोवणी म्हणजे धानाची लावणी. पावसाळ्यात आमच्या शेतावर रोवणीला बाया यायच्या. दुपारी त्या घराच्या मागच्या छपरीत जेवायच्या आणि आपापलं ताट धुऊन भिंतीला ओळीनं पालथं घालायच्या. ती ताटं वेगळी होती, जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. ती घरात कधी येत नसत. लहानपणी मला ती रांग फार आवडायची. काडी घेऊन मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळायचो आणि प्रत्येक ताटाचा वेगळा आवाज काढायचो. बायांना नीटनेटकेपणाची आवड आहे म्हणून त्या ताटं अशी मांडतात, असं मी समजत होतो. हेही मी काकूंना हौसेनं सांगितलं असतं, पण त्या आत निघून गेल्या होत्या. कशालाही हसणारे काकाजी पेपरातून मान वर न काढता बसून राहिले.

आपलं काहीतरी चुकलं एवढंच मला त्या दिवशी कळलं. काय चुकलं ते कळायला बरेच महिने लागले. काकूंच्या घरात समोरच्या कोनाड्यात बुद्धाची मूर्ती आहे. मी ती पहिल्या दिवशीच पाहिली होती, पण त्या मूर्तीचा आणि माझ्या ताटाचा काही संबंध असेल असं डोक्यात आलं नव्हतं. सगळी माणसं समान आहेत, हा धडा मला शाळेत होता. त्यावरच्या प्रश्नाला मला दहापैकी दहा मिळाले होते.

पुढे एकदा कपाटावरचा डबा काढताना एक खोलगट स्टीलचं ताट माझ्या हाताला लागलं. काठावर काकूंचं नाव कोरलेलं होतं. काकू घरी नव्हत्या. काकाजींनी सांगितलं की हे तिच्या नोकरीतलं ताट. परसवाडा तालुक्यात गावोगाव लस द्यायला जायची तेव्हा जेवायची वेळ झाली की त्या त्या गावच्या बायांना प्रश्न पडायचा, नर्सबाईला कोणत्या ताटात वाढायचं. कोणी पानं तोडायला धावायची, कोणी शेजारी विचारायला जायची. नाही म्हणायचं कोणाच्याच मनात नसायचं आणि भात निवत राहायचा. ती धावपळ बघून बघून काकू कंटाळल्या आणि स्वतःचं ताट पिशवीत न्यायला लागल्या.

"तुया काकूनं साऱ्या तालुक्याचा भात खाल्ला," काकाजी म्हणाले, "पण ताट एकच."

ते हसले. मला हसता आलं नाही, आणि न हसणंही त्यांना बरं वाटलं नसेल. रिटायर झाल्या त्याच दिवशी काकूंनी ते ताट कपाटावर टाकलं होतं. मी ते पुसून परत वर ठेवलं.

ताट धुवायचं मी त्या तिसऱ्या दिवसापासूनच सोडलं होतं. पण त्यातही चैन नव्हतं. काकूंचे गुडघे दुखायचे. नळाजवळ बसताना त्या भिंत धरून हळूहळू खाली जायच्या, आणि मी धडधाकट माणूस बाजूला हात पुसत उभा. मायचा नियम मोडला तर मला पाप लागणार होतं आणि काकूंचा मोडला तर त्यांच्या मनाला लागणार होतं. चार वर्षं रोज दोन वेळा मी हेच मनात घोळवत त्या दारात उभा राहिलो. शेवटी मी एक उपाय काढला. ताट इतकं स्वच्छ प्यायचो की धुवायला काही उरू नये. काकाजी म्हणायचे, याच्या ताटाले आता कलई कराव लागते.

बी.एस्सी.चा निकाल लागला आणि बाबूजी पहिल्यांदा बालाघाटला आले. घरी मी इतकंच सांगितलं होतं की नर्सकाकूंकडे राहतो. त्या कोणत्या समाजाच्या, ते बाबूजींनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खरं म्हणजे मी लपवलं. आमच्या गावात बाबूजी कोणाच्या घरी पाणी पितात आणि कोणाच्या घरी 'आताच पेलो' म्हणतात, हे मला पाठ होतं. बसमधून उतरले तेव्हा त्यांच्या खांद्यावर चिन्नोरची पोतडी होती. चिन्नोर हा आमच्याकडचा वासाचा तांदूळ. घरी तो सणालाच शिजतो.

घरात शिरल्यावर त्यांनी बुद्धाची मूर्ती पाहिली आणि थोडं थांबले. मग चपला काढून आत आले. काकूंनी त्यांच्यासमोर घरातलंच ताट मांडलं. मी माझ्या भातात बोटं घालून बसलो होतो आणि सगळं लक्ष त्यांच्या हाताकडे होतं. त्यांनी भात कालवला, खाल्ला, पुन्हा भात मागून घेतला. शेवटी ताटात पाणी ओतलं, शितं सोडवली आणि ताट प्याले. तेव्हा कुठे मी पहिला घास घेतला.

मग बाबूजी उठले, आपलं ताट घेतलं, मागच्या नळावर गेले, खाली बसले आणि धुवायला लागले.

त्यांना येत नव्हतं. राख जास्त झाली, पाणी पायजम्यावर उडालं. खूप वेळ लागला. मग त्यांनी ते ताट भिंतीला टेकवून पालथं घातलं. मी काकूंकडे पाहिलं. आता त्या जातील, ताट सुलटं करतील आणि मला सांगितलं तेच बाबूजींना सांगतील, असं मला वाटलं. काकू दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी काहीच केलं नाही. ते ताट संध्याकाळपर्यंत तसंच पालथं होतं.

निघताना बाबूजी त्यांना म्हणाले, "बाई, एखाद्या साली नवा तांदूळ आमच्या घरी येऊन खा." आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. नर्सलाही बाईच म्हणतात. त्यांनी कोणत्या अर्थानं म्हटलं ते मला कळलं नाही.

बसस्टँडवर मी धीर करून विचारलं की तुम्ही ताट काहून धुतलं.

"तिचे घुटने दुखून राह्यले ना," बाबूजी म्हणाले. "बसतानी पाह्यलं नाही काय तू?"

मी परत येऊन काकूंना विचारलं. त्यांनी सांगितलं की तुया बापाले विचार. मी म्हटलं, विचारलं, ते म्हणतात तुमचे गुडघे दुखतात. काकू बराच वेळ चिन्नोरमधले खडे बघत राहिल्या. त्यात खडा एकही नव्हता.

"मंग तेच असन," त्या म्हणाल्या.

मी हे इतक्या वेळा मनात फिरवलं आहे की आता कोणतं खरं ते सांगता येत नाही. कधी वाटतं, गुडघेच. कधी वाटतं, ज्या भिंतीशी आपण इतरांना बसवलं तिथे एकदा स्वतः बसून पाहावं असं त्यांना वाटलं असेल. पण बाबूजी असा विचार करतात का, हेच मला माहीत नाही. आणि कधी अशी शंका येते की त्या घरी जेवले तरी ताट तिथल्या माणसाच्या हातून धुवून घेणं त्यांच्यानं झालं नाही. ही शंका आली की मला माझीच लाज वाटते. दुसऱ्यांदा भात मागून घेणारा माणूस असं कसं करेल? पण माणूस हात एका जागी आणि मन दुसऱ्या जागी ठेवून जेवू शकतो, हे मी स्वतःवरून ओळखतो.

नोकरी लागली तेव्हा वाटलं, ताटाचा प्रश्न आता संपला. ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवून झालं की प्रत्येकजण आपला ट्रे उचलतो आणि एका मोठ्या टबात सोडतो. साहेबही सोडतात, शिपाईही सोडतो. टबाच्या पलीकडे खिडकी आहे आणि खिडकीच्या पलीकडून फक्त दोन हात दिसतात. पहिल्या आठवड्यात सवयीनं मी ट्रेच्या खणात पाणी ओतलं आणि प्यालो. समोरच्या माणसानं विचारलं, बरं वाटत नाही का. तेव्हापासून मी तिथे शितं टाकून उठतो. सगळेच आपलं ताट आपण उचलतात याला बरोबरी म्हणायचं की काय म्हणायचं, त्या दोन हातांकडे बघून मला ठरवता येत नाही.

गेल्या वर्षी मळणी झाल्यावर बाबूजींनी काकाजींना फोन केला. नवा तांदूळ निघाला, आता या. आमच्याकडे नव्या तांदळाचं पहिलं जेवण चार घरची माणसं बोलावून करतात. मी नागपूरहून बालाघाटला आलो आणि आम्ही तिघं बसनं निघालो. वारासिवनीच्या पुढे काकूंचा डोळा लागला तेव्हा मी एक हलकं काम केलं. त्यांची पिशवी उघडून पाहिली. शाल होती, गोळ्या होत्या, पाण्याची बाटली होती, मायसाठी एक साडी होती. ते नाव कोरलेलं ताट नव्हतं. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मग लगेच भीती वाटायला लागली. ताट आणलं नाही, म्हणजे त्यांनी आमच्यावर भरवसा टाकला. आता त्यांचं ताट उचलणार कोण? मायला मी फोनवर चार वेळा सांगितलं होतं. शेवटी ती वैतागून म्हणाली होती की हौ रे बाप्पा, मीच उचलीन, तू जीव खाऊ नको.

मायनं काकूंना आतल्या खोलीत बसवलं आणि त्यांच्यासमोर पितळी ताट मांडलं. ते ताट फक्त जावयासाठी निघतं. भात, तुरीचं वरण, उडदाचे वडे, खीर. शेजारची पाच-सहा माणसं समोरच्या रांगेत जेवत होती. काकाजी बाबूजींना जंगल खात्यातल्या अस्वलाची गोष्ट सांगत होते आणि सगळे हसत होते. मला वाटलं, झालं, पार पडलं.

तेवढ्यात काकूंनी आपल्या ताटात पाणी ओतलं. स्वतःच्या घरी त्यांना असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी बोटांनी शितं सोडवली, ताट दोन्ही हातांनी उचललं आणि प्याल्या. माय दारात तांब्या घेऊन उभी होती, तिचा चेहरा फुलून गेला. मग काकूंनी भिंत धरली, उठल्या आणि ताट हातात घेऊन मागच्या छपरीकडे निघाल्या.

मला तेव्हा फक्त ती भिंत दिसली आणि तिला टेकलेली जर्मनची रांग. ती रांग आता तिथे नाही, तरी दिसली. मी उष्ट्या हातानं धावलो आणि ताट धरलं. मी म्हणालो की काकू, तुम्ही नाही, या घरात तुम्ही ताट धुवायचं नाही. हे मी मोठ्यानं म्हणालो असणार, कारण अस्वलाची गोष्ट थांबली. काकूंनी ताट सोडलं नाही. आम्ही दोघं ते धरून उभे होतो. ज्यांच्या मनात तोपर्यंत काही नव्हतं त्यांनाही आता सगळं आठवलं, हे मला त्यांच्या खाली गेलेल्या माना पाहून कळलं.

"सोड," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "तुया बापानं धुतलं होतं माया घरी."

मी सोडलं नाही. मला वाटलं, त्या आम्हाला वाईट वाटू नये म्हणून असं बोलत आहेत. शेवटी त्यांनीच सोडलं. मी ताट धुतलं, चिंच लावून घासलं, आणि मग ते हातात घेऊन नुसता उभा राहिलो. पालथं ठेवावं की सुलटं, हे मला ठरवता येईना. मायनं येऊन ते माझ्या हातातून घेतलं. तिच्या दुसऱ्या हातात अजून तो तांब्या होता. काकूंच्या हातावर पाणी घालायला ती तो घेऊन आली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

काकू बाहेर खाटेवर बसल्या होत्या. निघताना त्यांनी मायला सांगितलं की तांदूळ फार चांगला आहे. बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून होत्या. थकल्या असतील.

पुढच्या खेपेला गावी गेलो तेव्हा मी मायला विचारलं की तू मला ताट पालथं घालायचं काहून शिकवलं. ती म्हणाली, मले कोणी शिकवलं थे विचार. लग्न होऊन या घरात आली तेव्हा पहिली काही वर्षं तीही सगळ्यांच्या नंतर मागच्या छपरीत जेवायची आणि आपलं ताट धुऊन त्याच भिंतीला पालथं घालायची. सासूची तशी रीत होती. "मले वाटलं, चांगल्या घरची असीच रीत असन," ती म्हणाली, "म्हणून तुले सांगतली." जर्मनची ताटं आता कोंबड्यांना पाणी ठेवायला घेतात. रोवणीच्या बाया आता घरून डबा आणतात. म्हणजे त्याही आपलं भांडं आपल्याबरोबर नेतात, काकूंसारख्या. हे चांगलं झालं की वाईट, मी मायला विचारलं. तिनं मला कोंबड्या आत घ्यायला सांगितलं.

बाबूजी एवढंच म्हणाले, "तू मधात काहून गेला? धुऊ द्याचं होतं तिले." मी म्हटलं, बाबूजी, तेच तर चुकीचं होतं ना. ते म्हणाले, थे वेगळं, हे वेगळं. 

त्यानंतर मी काकूंशी तीनदा फोनवर बोललो. गुडघ्याचं तेल, गॅसची टाकी, काकाजींचा खोकला. ताटाचं कोणी काढलं नाही. काकू मला शिकवताना म्हणायच्या की जे तोंडानं निघत नाही ते कागदावर काढावं. म्हणून मी पत्र लिहिलं आणि परवा पोस्टात टाकलं. त्यात ज्या रविवारी येतो असं लिहिलं, तो अजून यायचा आहे. पत्राची नक्कल ठेवली होती, ती अशी:

आदरणीय काकूंना नमस्कार,

तुमचे गुडघे कसे आहेत? नागपूरहून तेलाची दुसरी बाटली घेतली आहे.

त्या दिवशी आमच्या घरी मी तुमच्या हातातून ताट ओढलं. मी तुम्हाला वाचवतो आहे असं मला वाटलं. कोणापासून, हे आता सांगता येत नाही, कारण तिथे माझ्याशिवाय तुम्हाला कोणी अडवत नव्हतं.

तुमच्या घरी पहिल्या आठवड्यात मी रोवणीच्या बायांचं बोलून गेलो होतो. तुम्ही तेव्हा काही म्हणाला नाहीत आणि दुसऱ्या दिवशी मला जास्तच भात वाढलात. ते बोलणं मला फार उशिरा कळलं. त्याची मी माफी मागतो. पण आमच्या घरच्या ताटाची माफी कशी मागायची ते मला कळत नाही. तुम्हाला धुवू दिलं नाही म्हणून मागू, की धुवायची वेळ आणली म्हणून? उत्तर लिहिण्याआधी प्रश्न समजून घ्यावा, असं तुम्ही शिकवलं होतं. मला प्रश्नच अजून नीट समजलेला नाही.

तुम्ही ताट प्यालात ते मला बघून शिकलात का? बाबूजींना त्याचा फार आनंद झाला, असं माय सांगते. मला त्यांनी तसं सांगितलं नाही.

ते पितळी ताट मायनं वेगळं ठेवलं आहे. वेगळं म्हणजे तसं वेगळं नाही. आतल्या कपाटात, तुमच्यासाठी.

मी येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं बालाघाटला येतो आहे, जेवायलाच. ताट पिऊन जागेवर ठेवीन, उचलणार नाही. पण तुम्ही नळाजवळ बसाल तेव्हा मी दारात उभा राहणार नाही. तुम्ही धुवा, मी तांब्यानं पाणी घालतो. धुतल्यावर ते कसं ठेवायचं, पालथं की सुलटं, ते तुम्ही सांगा. तसं ठेवीन. एवढं करू द्याल का, ते कळवा. नाही म्हणालात तरी मी येणारच आहे.

काकाजींना नमस्कार. पत्रात चुका असतील. लाल रिफिलनं खुणा करून ठेवा, रविवारी घेऊन जाईन.

तुमचा,
मागच्या खोलीतला